ऑनलाइन पदवी : शुल्क कशाचे आणि मान्यता कोणाची?

अनुक्रमणिका (धागाकर्ती)

एका शैक्षणिक संस्थेत पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्णपणे ऑनलाइन सुरू करावा का, याचा विचार करणाऱ्या समितीवर मी काम करते. समितीपुढे दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींवरची चर्चा दर बैठकीत त्याच जागी येऊन अडते, म्हणून ते येथील जाणकारांपुढे ठेवत आहे.

पहिला प्रश्न शुल्काचा. काही सदस्यांचे म्हणणे असे की व्याख्याने एकदा चित्रित केली की पुढचा खर्च नगण्य. वर्गखोली नाही, वसतिगृह नाही, बाकांची मर्यादा नाही, तेव्हा वर्गातील शुल्काच्या दशांशात हा अभ्यासक्रम देता यायला हवा. इतर सदस्यांना भीती वाटते की शुल्क फार कमी ठेवले तर पदवीच कमअस्सल ठरेल, आणि वर्गात बसून पूर्ण शुल्क भरणारे विद्यार्थीही नाराज होतील. या दुसऱ्या म्हणण्यात शुल्क खर्चावरून नव्हे तर प्रतिष्ठेवरून ठरवायचे असते, असे गृहीत धरले आहे आणि ते मला खटकते. पण ते खोडून काढता येईल इतका भक्कम युक्तिवाद माझ्याजवळ नाही.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. पदवीच्या प्रमाणपत्रावर अध्यापनाच्या पद्धतीचा उल्लेख असावा की नसावा, आणि विद्यार्थ्यांनी इतरत्र पूर्ण केलेल्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) आम्ही स्वीकारावेत की नाहीत? नियामक संस्थेची परवानगी मिळेल असे गृहीत धरू. परवानगी मिळाल्यानंतरही ती पदवी खरोखर 'चालेल' का, हे मला समजून घ्यायचे आहे.

---

ताळेबंद

प्रतिष्ठेकडे नंतर वळू. आधी खर्च नेमका कशावर होतो याची फोड करायला हवी, कारण 'एकदा चित्रित केले की झाले' हे विधान अर्धे खरे आहे आणि सगळा गोंधळ त्या अर्ध्या खरेपणातून होतो.

ज्ञान पोचवण्याचा खर्च खरोखरच जवळजवळ शून्यावर आला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटी) आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना विनामूल्य खुले करण्याची घोषणा २००१ साली केली. त्यामुळे त्या संस्थेत शुल्क भरून प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांची रांग काही आटली नाही. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील खुल्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली आणि वीस हजारांहून अधिक जणांनी तो शेवटपर्यंत नेला. त्यांना पूर्ततापत्र मिळाले, विद्यापीठाचे श्रेयांक मिळाले नाहीत. एवढ्या लोकांना शिकवणे परवडले, पण त्या प्रत्येकाविषयी 'या व्यक्तीला हे येते' अशी हमी विद्यापीठाच्या नावाने देणे परवडले नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

महाग आहे ती हमी आणि तिच्याभोवतीचे काम: उत्तरपत्रिका तपासणे, प्रकल्प वाचून त्यावर अभिप्राय लिहिणे, शंकांना उत्तरे देणे, परीक्षा देणारी व्यक्ती तीच आहे याची खातरजमा करणे, दोन आठवडे फिरकला नाही अशा विद्यार्थ्याशी संपर्क साधणे. ही सगळी कामे विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाढतात. चित्रित व्याख्यानाला दहा विद्यार्थी आणि दहा हजार विद्यार्थी सारखेच, परंतु दहा हजार उत्तरपत्रिका कोणीतरी तपासाव्याच लागतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठातील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे उदाहरण बोलके आहे. तेथे सुमारे ३०० विद्यार्थी एका सत्रात चर्चामंचावर दहा हजारांच्या आसपास संदेश लिहीत. त्यांना उत्तरे देण्याचा भार इतका वाढला की प्राध्यापक अशोक गोयल यांनी २०१६ साली 'जिल वॉटसन' नावाचा संगणकीय सहायक अध्यापक तयार करून त्या कामाला लावला. व्याख्यानांच्या बाबतीत अशी अडचण आल्याचे कधी ऐकले आहे का?

याच संस्थेच्या संगणकशास्त्रातील ऑनलाइन पदव्युत्तर पदवीकडे आपल्या समितीने बारकाईने पाहावे. जानेवारी २०१४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा संपूर्ण पदवीचे शुल्क सुमारे ७,००० डॉलर होते, म्हणजे त्याच संस्थेत वर्गात बसून त्याच पदवीसाठी बाहेरच्या राज्यातील विद्यार्थ्याला भरावे लागणाऱ्या रकमेचा लहानसा अंश. सुरुवातीच्या खर्चासाठी एटी अँड टी या कंपनीने २० लाख डॉलर दिले होते, ही गोष्ट मात्र या यशोगाथेत बहुधा तळटीपेत जाते. शुल्क इतके कमी ठेवूनही पदवीचे मोल उतरले नाही. याचे कारण असे की पदवीचे नाव तेच, अभ्यासक्रम तोच, परीक्षा देखरेखीखाली. स्वस्त होता तो फक्त दरडोई खर्च, आणि तोही हजारोंच्या संख्येमुळे.

येथेच खरी मेख आहे. ही संख्या प्रत्येक संस्थेला लाभत नाही. आपल्याकडे शंभर विद्यार्थी येणार असतील तर अभ्यासक्रम रचणे, चित्रण, उपशीर्षके, प्रश्नसंच आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांचे नूतनीकरण हा स्थिर खर्च शंभरांवरच पडेल आणि ऑनलाइन पदवी वर्गातील पदवीपेक्षा महागही पडू शकेल. समितीने शंभर, पाचशे आणि दोन हजार अशा तीन संख्यांसाठी दरडोई खर्च वेगवेगळा काढून बघावा. त्यात मूल्यमापनाचे मनुष्यतास सर्वांत आधी मोजावेत, चित्रणाचा खर्च सर्वांत शेवटी. मला खात्री आहे की त्या तक्त्यानंतर 'दशांश शुल्क' म्हणणारे आणि 'प्रतिष्ठा जाईल' म्हणणारे, दोघेही आपले म्हणणे थोडे बदलतील.

---

समकक्ष

ताळेबंद यांनी खर्चाची बाजू मांडली आहेच, म्हणून मी मान्यतेपुरते लिहितो. पात्रतांच्या समकक्षतेशी संबंधित कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि तेथील अनुभव असा की 'मान्यता' या एका शब्दाखाली लोक किमान चार वेगळ्या गोष्टी कोंबतात. नियामकाने अभ्यासक्रमाला दिलेली परवानगी ही एक. दुसऱ्या विद्यापीठाने पुढील प्रवेशासाठी किंवा श्रेयांकांसाठी ती पदवी ग्राह्य धरणे ही दुसरी. व्यवसायाचा परवाना देणाऱ्या मंडळाने ती पुरेशी मानणे ही तिसरी. आणि नोकरी देणाऱ्याने ती मनापासून मोजणे ही चौथी. पहिली मिळाली म्हणजे उरलेल्या तीन आपोआप मिळतात, हा समज सर्वाधिक विद्यार्थ्यांना महागात पडतो.

दुरून शिकून मिळवलेली पदवी ही काही इंटरनेटची देणगी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या पदवी परीक्षा कोठेही शिकलेल्या उमेदवारांना खुल्या केल्या. विद्यार्थी कोठे शिकला याकडे विद्यापीठ बघतच नव्हते, परीक्षा तीच आणि तितकीच कठोर असे, आणि म्हणून पदवीही तीच असे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये राजसनद मिळाली व १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले, तेव्हा त्यांनी वेगळा मार्ग धरला: प्रवेशासाठी पूर्वपात्रतेची अट नाही, परंतु लिखित स्वाध्याय तपासणाऱ्या आणि विद्यार्थ्याशी वैयक्तिक संबंध ठेवणाऱ्या शिक्षकांचे मोठे जाळे. एका संस्थेने परीक्षेच्या जोरावर विश्वास मिळवला, दुसरीने मूल्यमापनाच्या सातत्यावर. माध्यमाच्या जोरावर तो दोघींपैकी कोणीही मिळवला नाही.

आंतरराष्ट्रीय करारांची दिशाही हीच आहे. युरोप परिषद (कौन्सिल ऑफ युरोप) आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने १९९७ साली झालेल्या लिस्बन कराराने असे तत्त्व ठरवले की दुसऱ्या देशातील पात्रता नाकारायची असेल तर 'ठळक फरक' असल्याचे नाकारणाऱ्याने दाखवून द्यावे. सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर नाही. २०१९ साली स्वीकारलेला आणि मार्च २०२३ मध्ये अमलात आलेला युनेस्कोचा जागतिक करार पुढे जाऊन अपारंपरिक पद्धतीने घेतलेल्या शिक्षणाचाही समावेश करतो. अर्थात करार आपल्या जागी आणि कारकुनाच्या टेबलावरची यादी आपल्या जागी. यादीत संस्थेचे नाव नसेल तर कराराचे कलम दाखवून काम होत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

खुल्या अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांबाबत इतिहास थोडा गमतीदार आहे. २०१२ साली कोलोराडो राज्य विद्यापीठाच्या ऑनलाइन शाखेने जाहीर केले की यूडॅसिटी या खुल्या अभ्यासक्रमांच्या कंपनीचा संगणकशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून ८९ डॉलरची निरीक्षित परीक्षा दिल्यास श्रेयांक मिळतील. वर्ष उलटले तरी एकाही विद्यार्थ्याने तो लाभ घेतला नव्हता. २०१३ च्या सुरुवातीला अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या उच्च शिक्षणसंस्थांच्या संघटनेने कोर्सेरा या अशाच दुसऱ्या कंपनीच्या पाच अभ्यासक्रमांना श्रेयांक देण्याची शिफारस केली, पण ती शिफारसच होती. निर्णय ज्या त्या महाविद्यालयाचा. सुटे श्रेयांक कितीही स्वस्त असले तरी ते जेथे जोडायचे ती पदवी समोर नसेल, तर त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. याउलट एमआयटीने पुरवठा साखळी व्यवस्थापनात जे केले ते टिकले. ऑनलाइन मालिका आणि तिची परीक्षा उत्तम रीतीने पार केलेल्यांना पदव्युत्तर पदवीसाठी अर्ज करता येतो आणि प्रवेश मिळाल्यास एक सत्र प्रत्यक्ष राहून ती पूर्ण करता येते. भारताच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांसाठी २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ग्राह्य धरण्यास वाव दिला आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के केली. येथेही सुट्या अभ्यासक्रमाला पदवीत जागा नेमून देण्याचाच विचार आहे. म्हणून आपल्या समितीने बाहेरचे श्रेयांक घ्यावेत की नाहीत असे विचारू नये. आपल्या पदवीतील नेमक्या कोणत्या विषयाच्या जागी ते बसतील, आणि ती जागा भरल्याची परीक्षा कोण घेईल, हे ठरवावे.

नोकरी देणाऱ्यांविषयी एकच नोंद करतो. अमेरिकेत काही अर्थतज्ज्ञांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून एक प्रयोग केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. व्यवसाय शाखेची पदवी नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेची असल्यास, प्रवेशाच्या फारशा कडक अटी नसलेल्या सार्वजनिक विद्यापीठाच्या पदवीच्या तुलनेत मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळली. यावरून 'ऑनलाइन पदवीला बाजारात किंमत नाही' असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. त्या प्रयोगात माध्यम आणि संस्थेचा प्रकार एकत्र आले होते, आणि मालकाने नेमके कशाकडे पाहून अर्ज बाजूला ठेवला हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

---

मागचा बाक

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तथापि दोघांनीही पदवी मिळालेल्या विद्यार्थ्याचाच विचार केला आहे. ज्याने शुल्क भरले आणि पदवीपर्यंत पोचलाच नाही, त्याच्या दृष्टीने मान्यतेची चर्चा निरर्थक आहे आणि शुल्क कितीही कमी असले तरी ते पूर्णपणे वाया गेले आहे.

हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदींचे विश्लेषण २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्यांपैकी अवघ्या ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. पैसे भरून पडताळलेल्या प्रमाणपत्रासाठी नोंदणी केलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. काही जण या दुसऱ्या आकड्यावरून म्हणतात की शुल्क घेतले की चिकाटी वाढते; मला वाटते, ज्यांच्याकडे आधीच चिकाटी, वेळ आणि पैसा आहे तेच शुल्क भरतात.

याहून गंभीर बाब अशी की ही गळती सगळ्यांमध्ये सारखी वाटली जात नाही. वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांतील चाळीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या सुमारे पाच लाख अभ्यासक्रम-नोंदींचा अभ्यास झाला आहे. त्यात ऑनलाइन वर्गात सर्वच गटांची कामगिरी खालावलेली दिसली, पण आधीच कमी गुण असलेले, वयाने लहान आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी यांच्या बाबतीत ती अधिक खालावली. म्हणजे ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोचवण्यासाठी स्वस्त ऑनलाइन अभ्यासक्रमांचे समर्थन केले जाते, त्यांनाच त्याची झळ जास्त बसते. २०१३ च्या वसंत सत्रात सॅन होझे राज्य विद्यापीठाने यूडॅसिटीच्या साहाय्याने प्रत्येकी १५० डॉलरमध्ये तीन पायाभूत अभ्यासक्रम देऊन पाहिले. उत्तीर्णांचे प्रमाण इतके कमी राहिले की जुलैमध्ये तो उपक्रम थांबवावा लागला. पुढील तुकडीत निकाल सुधारले हेही सांगायला हवे, परंतु त्या तुकडीत आधीच पदवी असलेले अनेक जण होते.

त्याच विद्यापीठातील तत्त्वज्ञान विभागाच्या शिक्षकांनी त्याच सुमारास हार्वर्डमधील एका नामवंत प्राध्यापकाचा चित्रित अभ्यासक्रम आपल्या वर्गात वापरण्यास नकार दिला आणि तसे जाहीर पत्र लिहिले. काही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिक्षक आणि उरलेल्यांना त्या शिक्षकांच्या चित्रफिती, अशी विद्यापीठांची दोन वर्गांत विभागणी होईल, ही त्यांची भीती होती. या पत्राची तेव्हा काहींनी नोकऱ्या वाचवण्याची धडपड म्हणून संभावना केली. मला ते पत्र आजही या विषयावरील सर्वांत नेमके लेखन वाटते, कारण काटकसर नेमकी कोणाच्या शिक्षणात केली जाणार, हा प्रश्न त्यात उघडपणे विचारला आहे.

जॉर्जिया टेकचे उदाहरण म्हणूनच जपून वापरावे. त्या ऑनलाइन पदवीवरील एका अभ्यासानुसार तेथे अर्ज करणाऱ्यांचे सरासरी वय ३४ होते, बहुतेक जण आधीच नोकरीत होते आणि त्यांच्याकडे पदवी होती. अठरा वर्षांच्या, घरात अभ्यासाला जागा नसलेल्या मुलाला तोच साचा लागू पडेल असे त्यावरून सिद्ध होत नाही.

---

ताळेबंद

@मागचा बाक, गळतीचा मुद्दा मान्य आहे आणि तो हिशेबात घेता येतो. दरडोई खर्चाऐवजी दर पदवीधरामागे येणारा खर्च काढावा. असे केल्यावर मार्गदर्शनावर केलेला खर्च उधळपट्टी दिसत नाही, उलट पुष्कळदा तोच वसूल होताना दिसतो. मात्र जॉर्जिया टेकच्या पदवीवरील त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्षही नमूद करायला हवा. प्रवेशाच्या गुणरेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्या अर्जदारांची तुलना केली असता, ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांतील बहुतेकांनी दुसरीकडेही प्रवेश घेतला नव्हता. म्हणजे स्वस्त ऑनलाइन पदवीने वर्गातील विद्यार्थी पळवले नाहीत, एरवी शिकलेच नसते अशांना आणले. धागाकर्तींच्या समितीतील 'वर्गातले विद्यार्थी नाराज होतील' या भीतीला हे निदान अंशतः उत्तर आहे. व्यवस्थापन शाखेत चित्र वेगळे असू शकते. इलिनॉय विद्यापीठाने स्वस्त ऑनलाइन एमबीए २०१६ मध्ये सुरू केल्यावर २०१९ मध्ये आपला पूर्णवेळ निवासी एमबीए बंद करण्याचे जाहीर केले.

---

अनुक्रमणिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शंभर, पाचशे आणि दोन हजार यांचा तक्ता मी पुढील बैठकीत ठेवणार आहे, आणि त्यात दर पदवीधरामागील खर्चाचा स्तंभही असेल. एक गोष्ट आधी लिहायची राहिली. एका खासगी कंपनीने आमच्यापुढे प्रस्ताव ठेवला आहे की चित्रण, संगणकमंच, जाहिरात आणि प्रवेशप्रक्रिया ती सांभाळेल, संस्थेने सुरुवातीला काहीही गुंतवायचे नाही, आणि त्या बदल्यात शुल्काचा निम्म्याहून अधिक वाटा दहा वर्षे कंपनीला द्यायचा. समितीतील अनेकांना हा प्रस्ताव 'बिनखर्ची' वाटतो.

---

ताळेबंद

हा प्रस्ताव बिनखर्ची नाही. खर्च दहा वर्षांत पसरला आहे आणि तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जाणार आहे, एवढेच. अशा करारांत निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा जाणे नवीन नाही, आणि अनेक ऑनलाइन पदव्यांचे शुल्क वर्गातील शुल्काइतकेच का राहिले याचे एक मोठे कारण तेच आहे. त्या वाट्यातला बराच भाग जाहिरात आणि विद्यार्थी मिळवणे यांवर खर्च होतो, शिकवण्यावर नव्हे. अमेरिकेत विद्यार्थी भरतीवर दलाली देण्यास १९९२ पासून कायद्याने बंदी आहे. परंतु भरतीसोबत इतर सेवाही एकत्र पुरवल्या तर शुल्कातील वाटा घेता येईल, अशी मुभा शिक्षण खात्याच्या २०११ मधील मार्गदर्शक पत्राने दिली आणि हा व्यवसाय फोफावला. त्यातील एक प्रमुख कंपनी टूयू हिने २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना एडएक्स हा हार्वर्ड आणि एमआयटी यांचा खुल्या अभ्यासक्रमांचा मंच विकत घेतला आणि जुलै २०२४ मध्ये तिलाच दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात जावे लागले. दहा वर्षांच्या करारात समोरचा पक्ष दहा वर्षे टिकेल का, याचे कलम वकिलाकडून आधी तपासून घ्यावे.

करार करायचाच असेल तर ज्या सेवा खरोखर हव्यात त्यांची ठरावीक रक्कम द्यावी, वाटा देऊ नये. प्रवेशाचे निकष आणि परीक्षा या दोन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत संस्थेच्या हातून जाऊ देऊ नयेत.

---

समकक्ष

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, कारण समकक्षतेची चौकशी आली की विचारले जाते ते नेमके हेच: प्रवेश कोणी दिला, परीक्षा कोणी घेतली, गुण कोणी दिले.

प्रमाणपत्रावरील उल्लेखाचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. माझे मत असे की पदवीचे नाव एकच असावे, पण गुणपत्रिकेसोबत दिल्या जाणाऱ्या पुरवणीपत्रात अध्यापनाची पद्धत, प्रत्यक्ष प्रयोगशाळेचे किंवा क्षेत्रकार्याचे तास आणि परीक्षेची पद्धत स्पष्ट लिहावी. पद्धत लपवली तर परवाना देणारी मंडळे ती कधीतरी विचारतातच, आणि तोवर विद्यार्थ्याचा अर्ज अडकून राहतो. आरोग्य, अध्यापन किंवा विधी अशा परवानाधीन क्षेत्रातील अभ्यासक्रम असेल, तर ज्या ज्या ठिकाणचे विद्यार्थी आपण घेणार तेथील मंडळाचे लेखी उत्तर प्रवेश सुरू करण्याआधी मागवावे, आणि ज्या ठिकाणाहून ते आले नाही तेथील अर्जदारांना तसे शुल्क भरण्यापूर्वीच कळवावे.